पायाशी आलेले चौकोन

रविवार, रात्री साडेदहा

ताई जेवून गेली. भांडी झाली, ओटा पुसून झाला, पण झोप येणार नाही हे कळतंय म्हणून लिहायला बसले.

दुपारी तिला वाकळ दाखवली. पुण्यात आल्यापासून मीही गोधडीच म्हणते, पण ताईशी बोलताना तोंडात वाकळच येतं. पलंगावर पसरली आणि तिने एकेक तुकडा ओळखायला सुरुवात केली. ही आईची अबोली, ही गौरीला नेसायची ती, हा बाबांचा निळ्या चौकड्याचा, हे आजीचं इरकल. बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. माझेही. अकरा महिने मी या एका दुपारची वाट बघत होते.

मग ती पलंगावर चढली. मांडी घालायला पाय वर घेतला आणि टाच खालच्या ओळीतल्या चौकोनाला लागली. आईच्या फोटोला. ताईने चटका बसावा तसा पाय मागे घेतला. वाकली, चौकोनाला बोटं लावली, कपाळाला लावली, आणि उतरून खाली सतरंजीवर जाऊन बसली. चहाही तिने खालीच घेतला.

"छान झालीय गं," म्हणाली. "पण हिच्यावर पाय कसा टाकायचा? आई-बाबा आहेत ना."

रागाने नाही म्हणाली. सहज म्हणाली. मी म्हटलं, "अगं, पांघरायचीच तर आहे." ती म्हणाली, "हो, तेही खरंच." मग दादाच्या आणि घराच्या व्यवहाराचा विषय निघाला. तो इथे नको.

सोमवार

दिवसभर एकच वाक्य डोक्यात. पाय कसा टाकायचा.

मला राग आलाय का? आलाय. अकरा महिने कुणी विचारलं नाही, काय करतेस, बोटं का अशी झालीत. आई गेल्यावर तिच्या साड्या वहिनीने दारात काढून ठेवल्या होत्या, बोहारीण ओसरीवर बसलेली, भाव ठरत होता, दोन साड्यांना एक पातेलं. मी मधेच जाऊन गठ्ठा उचलला. तेव्हा कुणी आलं नाही माझ्या बाजूने बोलायला. ताईही नाही. गठ्ठा मी रिक्षात मांडीवर घेऊन स्टँडपर्यंत आले. आणि आता एवढं सगळं करून झाल्यावर तिला पाय दिसला.

लिहून झाल्यावर वाचलं. खोटं नाही, पण एवढंच खरं नाही.

फोटो कापडावर आणायचे कसे, यातच माझे पहिले दोन महिने गेले होते. इस्त्रीने चिकटवायचा कागद आणून बघितला. फोटो उमटला, पण वर रबरासारखा थर, हात फिरवला की थंड लागायचा, आणि घडी मोडली तिथे आईच्या गालावर भेग. फाडून टाकला तो. कपावर फोटो छापून देणाऱ्याकडे गेले, तो म्हणाला पॉलिस्टरच लागतं, सुतीवर होत नाही. मग निळ्या छापाचं कळलं. सायनोटाइप. 1842 मध्ये जॉन हर्शेलने शोधलेली पद्धत. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड, दोन्हींची पाणी घालून वेगवेगळी द्रावणं करायची, सम प्रमाणात मिसळायची, खोलीत अंधूक उजेड ठेवून कापडाला ब्रशने लावायची आणि अंधारात वाळवायची. कापड हिरवट पिवळं होतं. त्यावर पारदर्शक फिल्मवर काढलेली फोटोची निगेटिव्ह, वर काच, आणि गच्चीत ऊन.

बाबा बांधकाम खात्यात. नकाशांच्या गुंडाळ्या घरी असायच्या, त्यांना अमोनियाचा वास यायचा, पांढऱ्यावर निळ्या रेघा. त्यांच्याकडे एक फार जुना नकाशा होता, कुठल्याशा बंधाऱ्याचा, तो उलटा होता, निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा. तो याच पद्धतीचा. हे कळल्यावर मी ठरवलंच की फोटो असेच उमटवायचे.

कापड आजोबांच्या धोतराचं घेतलं. जोडीतलं एक पान राहिलं होतं. बाबांचे शर्ट बहुतेक टेरिकॉटचे, त्यावर रंग धरेना, धुतला की फिका पडायचा. धोतरावर मात्र असा उमटला! एप्रिलच्या उन्हात दहा मिनिटं पुरली. काच काढली तेव्हा नुसताच राखट डाग दिसत होता, वाटलं फुकट गेलं. बादलीत बुडवलं आणि पिवळं पाणी सुटायला लागलं, सुटत राहिलं, आणि खालून आई वर आली. विहिरीच्या काठावर उभी, कडेवर ताई, ऊन तोंडावर आल्यामुळे डोळे बारीक केलेले, हसतेय. धोतराला एके ठिकाणी आजीने केलेलं रफू होतं. ते नेमकं आईच्या खांद्यावर आलं. बाथरूममध्ये स्टुलावर बसून मी किती वेळ बघत होते कोण जाणे.

तोच चौकोन. त्यालाच टाच लागली.

बुधवार

काल रात्री मीच वाकळ पांघरून झोपले. मुद्दाम. म्हटलं, बघू तरी.

पहाटे जाग आली तेव्हा पाय पोटाशी घेतलेले. इतकी वर्षं मी पाय पसरून झोपणारी बाई आहे. झोपेतही पायांना ते चौकोन कुठे आहेत ते माहीत होतं.

म्हणजे हे ताईचं एकटीचं नाही.

पण मग आजीच्या वाकळीचं काय? उन्हाळ्यात अंगणात लुगडं पसरायचे. नऊवारी म्हणजे जेमतेम सव्वाआठ मीटर, त्याचे चार पट्टे, दोन वर, दोन खाली, एका लुगड्यात एका वाकळीची दोन्ही तोंडं व्हायची. पोटात धोतरं, सदरे, फाटक्या चादरी, जे असेल ते. चार बाजूंना चौघी बसायच्या, बोटाबोटावर धावदोरा, कडेपासून आत. आजीचं लुगडं, आजोबांचं धोतर, सगळंच माणसांच्या अंगावरचं. त्यांच्या घामाचं. आम्ही त्यात लोळलो, लाथा मारल्या, पाचजणं एका वाकळीत झोपलो आणि रात्रभर ओढाओढी केली. ताईनेच तर सर्वांत जास्त. तेव्हा कुणी म्हणालं नाही, आजीला पाय लागला. आमची दुपटीही तिच्याच लुगड्यांची, आणि दुपट्याचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

चेहरा आला की फरक पडतो, एवढंच का? कापड माणसासारखंच असतं पण बघत नाही. फोटो बघतो.

दुपारी जुने अल्बम काढून बसले. बटरपेपर तसेच आहेत, काळे कोपरेही. 1974 चे काळेपांढरे फोटो कालच काढल्यासारखे. 1983-84 चे रंगीत मात्र सगळे तांबूस झालेत. त्या काळच्या फोटोंतला निळसर रंग आधी उडतो, अंधारात ठेवले तरी उडतो, म्हणून सगळ्यांचे चेहरे असे भाजल्यासारखे. बाबांचा निळ्या चौकड्याचा शर्ट त्यात आता विटकरी दिसतो. निळा कुठे आहे? माझ्याकडे, वाकळीत, उजवीकडून तिसरा. हात लावून खात्री केली.

आईचा शेवटच्या महिन्यातला गाऊन मी यात घेतला नाही. तो पिशवीतच आहे. ते राहू दे.

गुरुवार

आज आंघोळ करताना एकदम सुचलं. आई दसरा काढायची. नवरात्राच्या आधी घरातली झाडून सगळी अंथरुणं-पांघरुणं कृष्णेवर नेऊन धुवायची. वाकळी सोड्यात भिजवून, दगडावर आपटून, पायाखाली तुडवून. हो, पायाखाली. मग वाळूत पसरायच्या, दिवसभर कडक ऊन. संध्याकाळी घडी घालताना नाकाला लागणारा तो वास.

माझ्या वाकळीला यातलं काहीच चालणार नाही. निळा छाप सोड्यात टाकला की पिवळा पडतो, धुण्याच्या पावडरीनेही उतरतो. उन्हात ठेवला की फिकटतो. अंधारात काही दिवस ठेवला तर बराचसा परत येतो, पण म्हणजे काय, वाकळ कपाटात ठेवायची? धुवायची नाही, ऊन द्यायचं नाही, पाय लावायचा नाही.

मी वाकळ करायला बसले आणि अल्बम करून उठले. अल्बम उघडून बघायचा असतो. वाकळ अंगावर ओढायची असते, न बघता, दिवा मालवल्यावर.

हे लिहिल्यावर खूप रडले, आणि मग कितीतरी दिवसांनी भूक लागली. पिठलं टाकलं. भाकरी थापताना बोटांची भोकं तव्याच्या वाफेने चुरचुरत होती. वाटलं, ताईला मी इतके दिवस रागाने बघतेय, आणि तिने तर केवळ आईला नमस्कार केला. आमच्या घरात पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार, झाडूला लागला तरी नमस्कार. ती वाकली तेव्हा तिचे केस पुढे आले होते, पांढरे झालेत सगळे, ते मला रविवारी दिसले नव्हते. विहिरीवरच्या फोटोत आईच्या कडेवर तीच आहे. स्वतःच्या बाळपणाला टाच लागल्यासारखंही वाटलं असेल तिला. मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, शिवायला बसायच्या आधीच. साड्या तिच्याही आईच्या होत्या.

शनिवार

खालच्या ओळीतले चार चौकोन उसवले.

हात कापेल वाटलं होतं, नाही कापला. ब्लेडने एकेक टाका तोडत गेले. दोरा दुहेरी घेतला होता मी, आईसारखा, त्यामुळे वेळ लागला, साडेतीन तास. चौकोन निघाले आणि खाली आजीचं इरकल दिसलं, आणि त्यावर टाक्यांच्या भोकांची चौकट. ओल्या बोटाने चोळलं. जुनं सुती कापड फार गुणी असतं, धागे सरकले आणि भोकं मिटत गेली. एका ठिकाणी चोळता चोळता बोटाला उभी जाड रेघ लागली. दंड. लुगडं बसून बसून मधे विरलं की विरलेला भाग काढून टाकायचे आणि दोन धडकी टोकं जोडायचे, तो दंड. मीच त्यावर फोटो लावून तो झाकला होता. शिवण इतकी बारीक की डोळ्यांना दिसत नाही, बोटालाच कळते. आता ती पायाशी राहील. तिला काही होणार नाही, आजी ते लुगडं दंड घालून आणखी कितीतरी वर्षं नेसली असेल.

वरचे आठ फोटो ठेवलेत, खांद्याच्या बाजूचे. धुवायची वेळ येईल तेव्हा ते आठही उसवून काढीन आणि परत लावीन, काय होतंय. उशाची बाजू अंधारात हाताला कळावी म्हणून कडेला खणाची पट्टी लावायची आहे. आईच्या चोळीचा हिरवा खण आहे थोडा, पुरेल.

चार चौकोन टेबलावर वहीत घालून ठेवलेत. त्यांचं काय करायचं ते ठरवलेलं नाही.

संध्याकाळी ताईचा फोन आला. वाकळीबद्दल एक शब्द नाही. पावसाचं, गुडघ्याचं, पोरांचं. मीही उसवल्याचं बोलले नाही. ठेवता ठेवता म्हणाली, "आजीच्या इरकलातलं काही उरलंय का गं?"

"वीतभर आहे," मी म्हटलं. "दंडाच्या शेजारचं."

"ठेव," म्हणाली. "येईन घ्यायला."