झेडपीच्या शाळेला काय द्यावं? आधी डेडस्टॉक रजिस्टर बघा

जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळांत मुख्याध्यापकांच्या टेबलामागे एक लोखंडी कपाट असतं. त्यात देणगीत आलेले टॅब, प्रयोगपेटी, कधी एखादा प्रोजेक्टर असतो. खोक्यांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नसतं. बाहेरचा माणूस हे बघतो आणि शिक्षकांना आळशी ठरवून मोकळा होतो. खरं कारण शेजारच्या फडताळात, डेडस्टॉक रजिस्टरमध्ये असतं.

शाळेला मिळालेली टिकाऊ वस्तू या जडवस्तू नोंदवहीत चढते. एकदा चढली की ती मुख्याध्यापकांच्या नावावर. बदली झाली की पदभार देताना एकेक वस्तू मोजून द्यायची. फुटली किंवा हरवली तर खुलासा, आणि निकामी झालेली वस्तू नोंदीतून काढायची तर निर्लेखनाची वेगळी कागदपत्रं. चाळीस पोरांच्या हातात टॅब देऊन हे सगळं अंगावर कोण घेईल? कुलूप हाच सोपा मार्ग.

यावर उपाय आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. वस्तू देण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव करून घ्या: हे साहित्य मुलांनी हाताळायचं आहे, दरवर्षी काही प्रमाणात झिजेल, फाटेल, ते समितीला मान्य आहे. गोष्टींची पुस्तकं, खेळाचे चेंडू, रंग, मणी, गणिताच्या काड्या शक्यतो उपभोग्य साहित्याच्या नोंदवहीत घ्यायला सांगा. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत 75 टक्के पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. त्यांच्या सह्यांचा ठराव हाताशी असला की मुख्याध्यापक कपाट उघडायला धजावतात.

आता पैशाचं गणित. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला वर्षाला संयुक्त शाळा अनुदान मिळतं. पट 30 पर्यंत असेल तर 10,000 रुपये, 100 पर्यंत 25,000, 250 पर्यंत 50,000. म्हणजे वाडीवरच्या वीस पोरांच्या शाळेला वर्षाचे दहा हजार. त्यातून खडू, झाडू, वीजबिल, छपाई, किरकोळ दुरुस्ती, आणि किमान दहा टक्के स्वच्छतेवर. ही रक्कम अनेकदा आर्थिक वर्ष सरत आल्यावर खात्यात पडते आणि मग मार्चअखेर खर्चाची घाई होते. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा मुख्याध्यापक खिशातून भागवत असतात. दात्याला हे एवढं कळलं तरी देणगीची निम्मी दिशा ठरते.

सरकारकडून येणारं पुन्हा देऊ नका. पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. गणवेश, बूट-मोजे योजनेतून येतात, कधी उशिरा, कधी मापात न बसणारे, पण येतात. दुपारच्या आहाराचा तांदूळ पाचवीपर्यंत रोज 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवी 150 ग्रॅम असा ठरलेला आहे. तरीही देणगी म्हणून दप्तरं आणि वह्या यांचेच ढीग लागतात. रस्त्याकडेच्या शाळेतल्या पोराला तीन मंडळांकडून तीन दप्तरं आणि आत दहा किलोमीटरवरच्या वाडीला काहीच नाही, हे चित्र नवीन नाही. शाळा निवडताना तिचा अकरा अंकी यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी ओळख क्रमांक, विचारून घ्या. त्यावरून पट, शिक्षक, खोल्या, वीज, पाणी यांची सरकारी नोंद मिळते. मग कामकाजाच्या दिवशी, आधी कळवून, पण हारतुऱ्याविना जा. नोंदीत ‘वीज आहे’ लिहिलेलं असतं, भिंतीवर मीटरही असतो, फक्त बिल थकल्यामुळे जोडणी तोडलेली असते.

विजेवर जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो. स्मार्ट टीव्ही देणारे भरपूर, पण त्याचं बिल कोण भरणार हे विचारणारे थोडे. शिवाय सुट्टीत वीज वापरली नाही तरी बिलातला स्थिर आकार चालूच राहतो. सौर संच हा चांगला मार्ग, पण हिशेब करून. एका वर्गाचं बघा: 43 इंची टीव्ही साधारण 80 वॅट, रोज तीन तास, म्हणजे 240 वॅट-तास. दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे प्रत्येकी 30 वॅट, पाच तास, म्हणजे 300. दोन एलईडी ट्यूब प्रत्येकी 20 वॅट, तीन तास, म्हणजे 120. एकूण 660. बारा व्होल्टची 150 एएच (अँपिअर-तास) बॅटरी कागदावर 1,800 वॅट-तासांची, पण लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली रिकामी करू नये, म्हणून हाताशी 900. तीनशे वॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला सव्वा युनिटच्या (1,250 वॅट-तासांच्या) आसपास देतं, त्यातलं काही इन्व्हर्टर आणि वायरिंगमध्ये जातं. एका वर्गाला एवढं पुरतं. दोन वर्गांना हाच संच जोडला की बॅटरी रोज तळाला जाते आणि दोन वर्षांत बसते.

बॅटरी बसायचं दुसरं कारण पाणी. दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालायला हवं, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत नेमकं कोणी नसतं. गावातल्याच एखाद्या वायरमनला किंवा मोबाईल दुरुस्तीवाल्या पोराला वर्षाचे दोनेक हजार ठरवून द्या. पॅनेलवरची धूळ पुसणं, पाणी बघणं, तारा घट्ट करणं एवढंच काम. नवी ट्यूब्युलर बॅटरी बारा ते सोळा हजारांची असते, ती पाच वर्षांनी लागणारच, म्हणून दरवर्षी तीन हजार बाजूला पडतील अशी सोय पहिल्याच दिवशी करा. बॅटरीच्या खोलीला जाळीचं दारही संचाच्या खर्चातच धरा, चोर आधी बॅटरीच नेतात. हे सगळं नको असेल तर टीव्हीही देऊ नका. शाळेचं थकलेलं बिल भरून पुढच्या दोन वर्षांची रक्कम समितीच्या खात्यात ठेवली तरी ते जास्त उपयोगी. फक्त त्यावर दात्याचं नाव रंगवता येत नाही. पंख्याच्या पात्यावर ‘सप्रेम भेट’ लिहून घेणारे अजून आहेत.

शौचालयाचं तेच. बांधून देणारे मिळतात, पण प्राथमिक शाळेला शिपाई नसतो, सफाईला माणूस नसतो. एखाद्या बाईला महिन्याला बाराशे रुपये ठरवले तर दहा महिन्यांचे बारा हजार होतात, म्हणजे छोट्या शाळेच्या सगळ्या अनुदानापेक्षा जास्त. म्हणून शौचालयाला कुलूप. बांधकामाआधी वर 500 लिटरची टाकी, तिच्यात पाणी चढवायची सोय आणि सफाईचा तीन वर्षांचा पगार यांचा बंदोबस्त करा. पाण्याच्या नळासाठी ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाचा निधी असतो, तो मागायचा हक्क गावाला आहे. नवीन खोली किंवा मोठी दुरुस्ती असेल तर जागा आणि इमारत जिल्हा परिषदेची असल्याने गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत परवानगी आणि बांधकाम विभागाचा आराखडा लागतो. परवानगीशिवाय ठोकलेली पत्र्याची शेड पुढे कोणाच्याच जबाबदारीत येत नाही.

पुस्तकांबद्दल थोडं कडक बोलावं लागेल. घरातली जुनी गाईडं, दिवाळी अंक, बँक-परीक्षांची पुस्तकं खेड्यात पाठवणं म्हणजे रद्दीची वाहतूक. पहिली-दुसरीच्या मुलाला सोळा ते चोवीस पानांचं, पानावर दोन-तीन ओळींचं, मोठ्या टाइपातलं चित्रपुस्तक लागतं. ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स, नॅशनल बुक ट्रस्ट यांची मराठी पुस्तकं परवडणारी आहेत. चाळीस मुलांना दीडशे पुस्तकं पुरतात, त्यात आवडत्या पुस्तकांच्या दोन-दोन प्रती हव्यात. कपाट नको, भिंतीला मुलांच्या उंचीवर दोरी आणि चिमटे. वर्षाला वीस-पंचवीस पुस्तकं फाटली तर आनंद माना, वाचली गेली आहेत.

आणि ज्यांना वाचताच येत नाही त्यांना पुस्तकांचा उपयोग काय? चौथीतही अक्षरं ओळखण्याशी अडलेली मुलं असतात. मुलांना कितपत वाचता येतं हे तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीत वापरतात तसा अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट असा एका पानाचा तपास घ्या आणि इयत्ता बाजूला ठेवून मुलांचे स्तरानुसार गट करा. गावातल्या बारावी झालेल्या मुलीला मानधन देऊन रोज दोन तास, दोन-तीन महिने असे वर्ग चालवले तर टॅबपेक्षा फरक लवकर दिसतो. मानधन महिन्याच्या महिन्याला गेलं पाहिजे. दोन महिने थकलं की ती मुलगी कापूस वेचायला जाते आणि तिचं काही चुकत नाही.

पैसे कसे द्यावेत? थेट समितीच्या खात्यात दिले तर पावती आणि ठरावाची प्रत घ्या, मात्र त्यावर देणगीची आयकर सवलत (80जी म्हणून ओळखली जाणारी) सहसा मिळत नाही. सवलत हवी असेल तर नोंदणीकृत संस्थेमार्फत द्या. रोख 2,000 रुपयांच्या वर दिले तर ती रक्कम सवलतीत धरत नाहीत, आणि नव्या करप्रणालीत ही वजावटच नाही. परदेशातल्या मराठी मंडळींनी एक फरक लक्षात ठेवावा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, ते ठरतात आणि एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच द्यावे लागतात. या कायद्याच्या 2020 च्या दुरुस्तीनंतर त्या संस्थेला ही रक्कम पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. म्हणून शाळेत स्वतः काम करणारी संस्थाच शोधावी लागते.

शेवटी ऊसतोडीच्या भागाचं, कारण तिथे वेळापत्रकच वेगळं आहे. बीडचे शिरूर कासार, पाटोदा, धारूर किंवा नगरकडचं पाथर्डी इथून दिवाळीच्या आगेमागे कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांची जोडपी, बाहेर पडतात, ते मार्च-एप्रिलपर्यंत. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, जावंच लागतं. मुलं मागे आजीजवळ राहावीत म्हणून शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृह चालवायची सरकारी योजना आहे, आणि जी मुलं जातातच त्यांना शिक्षण हमी कार्ड मिळतं, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं. अडचण एवढीच की वसतिगृहाची मंजुरी उशिरा आली तर टोळ्या तोवर निघून गेलेल्या असतात. दात्याने हा पहिला महिना उचलावा. दोन वेळच्या जेवणाला मुलामागे रोज 300 ग्रॅम धान्य, 60 ग्रॅम डाळ, 20 ग्रॅम तेल धरलं तर तीस मुलांना तीस दिवसांसाठी 270 किलो धान्य, 54 किलो डाळ, 18 किलो तेल लागतं. वर भाजी, गॅस आणि स्वयंपाकाच्या बाईचा पगार. हे सगळं दसऱ्याच्या सुमाराला शाळेत पोचलेलं असलं पाहिजे, म्हणजे आई-बाप ट्रकमध्ये चढण्याआधी चूल पेटलेली दिसते. मागे ठेवलेल्या पोराला संध्याकाळी जेवायला कोण घालणार, हे त्यांना तेव्हाच कळलेलं असावं लागतं.