तुम्ही विचारलंत म्हणून: मेजर, राजकारणात कशाला पडलात?

पुसेगावच्या बाजारात भेटा, लग्नाच्या मांडवात भेटा, प्रश्न तोच. "मेजर, 24 वर्षं देशाची सेवा केलीत, पेन्शन आहे, मग या चिखलात कशाला उतरलात?" मी हवालदार म्हणून रिटायर झालो, पण आमच्या साताऱ्याकडं फौजेतून आलेला प्रत्येकजण मेजरच. विचारणारा मायेनं विचारतो, म्हणून एकदा नीट सांगतो.

मला पलटणीतला दरबार विसरता आला नाही, म्हणून.

दरबार म्हणजे महिन्यातून एकदा सगळी पलटण एकत्र बसते ती सभा. सीओसाहेब, म्हणजे पलटणीचे प्रमुख, बोलतात आणि शेवटी विचारतात, "किसी का कोई पॉइंट?" मग काल भरती झालेला शिपाईसुद्धा सावधान उभा राहून बोलतो. लंगरची डाळ असो, सुट्टी असो, फॅमिली क्वार्टर असो. उत्तर तिथंच मिळालं तर ठीक, नाहीतर पॉइंट लिहून घेतला जायचा आणि पुढच्या दरबारात त्याचं काय झालं ते सांगितलं जायचं. लहानातल्या लहान माणसाला साहेबाकडून उत्तर मिळतं, हे मी तिथं पाहिलं.

2011 ला घरी आलो. खटाव तालुक्यातलं आमचं गाव. 15 ऑगस्टला झेंडावंदनानंतर ग्रामसभा, म्हणून कडक इस्त्री करून गेलो. माणसं जेमतेम वीस. कोरमला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला जो आकडा कमी तेवढी माणसं लागतात. सभा तहकूब झाली. तहकूब सभेला कोरम लागत नाही, आणि ती कधी उरकली ते मला कळलंसुद्धा नाही. पुढं इतिवृत्ताची नक्कल मागितली, तर आमच्या वस्तीची पाइपलाइन दुसरीकडं वळवायचा ठराव त्यात होता. सर्वानुमते मंजूर. त्या रात्री झोप लागली नाही.

वर्दीत असताना पक्षाचं सभासद होता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही. तो नियम योग्यच आहे. पण वर्दी उतरल्यावरही आम्ही पारावरच बसायचं का? या जिल्ह्यात अपशिंगेसारखं गाव आहे, जिथले 46 जण पहिल्या महायुद्धात कामी आले. लेफ्टनंट जनरल थोरात निवृत्तीनंतर महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. ब्रिगेडियर सुधीर सावंत 1991 ला राजापुरातून लोकसभेवर गेले. मोठ्या हुद्द्याच्या माणसांनी वाट दाखवली आहे. हवालदारानं निदान ग्रामपंचायतीपर्यंत तरी जावं.

पहिल्यांदा पडलो. 2017 ला सरपंच थेट जनतेतून निवडायची पद्धत आली, तेव्हा निवडून आलो आणि लगेच चुकलो. रस्त्याकडेचे उकिरडे आठ दिवसांत हलवा, अशी नोटीस काढली. हुकूम दिला की काम होतं, ही सवय. एकही उकिरडा हलला नाही. नियमानं ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, ती घेतली. मी विचारलं, "कुणाचा काही पॉइंट?" बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागून एक आजी उठल्या. "बाळा, उकिरडा आजच हलवते. पण ठेवू कुठं, ते सांग की."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. पलटणीत जागा आधी ठरते, हुकूम नंतर सुटतो. इथं मी नुसता हुकूम सोडला होता. स्मशानाच्या वाटेची पड जागा ग्रामसभेत ठरवायला दोन महिने गेले, भांडणं झाली. पण उकिरडे हलले, आणि पहिला त्या आजींचा.

पाइपलाइनचा ठराव मात्र फिरवता आला नाही, काम होऊन गेलं होतं. वस्तीला दुसरी लाइन टाकून घेतली, तोवर माझी मुदत संपत आली होती. त्याची खंत आहे.

आता सरपंच दुसरे आहेत. मी समोर सतरंजीवर बसतो. गेल्या 26 जानेवारीला हात वर केला. मागच्या सभेत लिहून घेतलेला वस्तीच्या दिव्यांचा पॉइंट अजून बाकी होता.