छतातली लाल पिन

डॅलसजवळच्या एका हँगरमध्ये मी छोट्या विमानांची दुरुस्ती करतो. सिरस कंपनीच्या छोट्या विमानांत संकटाच्या वेळी अख्खं विमान खाली उतरवणारं पॅराशूट असतं. ते आणि त्याचं रॉकेट दर 10 वर्षांनी बदलावंच लागतं. त्याच कामासाठी गेल्या महिन्यात सिरसचंच एक एसआर22 विमान आलं. मालक आपलेच, निवृत्त डॉक्टर, सोबत काकू. आत डोकावलो तर पॅराशूट सोडायच्या छतातल्या हँडलला लाल पिन तशीच! ती विमान उभं असताना लावायची आणि उडण्याआधी काढायची. पिन असली की हँडल ओढताच येत नाही. म्हणजे हे दोघं ह्यूस्टनहून पॅराशूट असून नसल्यासारखे आले होते.

"अरे, मागे नातवंडं बसतात, कुणी ओढलं म्हणजे? आणि मी काय आजपासून उडवतोय का? इतका अनुभव आहे!" काका म्हणाले.

नातवंडांची काळजी समजते. पण हँडलवर झाकण असतं आणि ओढायला 20 किलोपर्यंत जोर लागू शकतो.

अनुभवाचं मात्र मला अजून पटत नाही. 2002 मध्ये इथेच, लुईसव्हिलजवळ, दुरुस्तीनंतर उडालेल्या एसआर22चं डावं एलेरॉन, म्हणजे विमान कलतं करणारी पंखावरची हलती फळी, हवेत निखळलं. मेकॅनिकने ते नीट बसवलं नव्हतं. वैमानिकाने हँडल ओढलं, विमान झाडाझुडपांत उतरलं आणि तो धडधाकट बाहेर आला. चूक माझ्या धंद्यातल्या माणसाची होती; वैमानिकाचा अनुभव तिथे काय करणार?

सामानाच्या कप्प्यामागचं रॉकेट पॅराशूट खेचून बाहेर काढतं. फायबरच्या कातडीखाली दडवलेले पट्टे ती फाडत मोकळे होतात. विमान आधी नाक खाली करून लटकतं, काही सेकंदांनी कटर मागचा पट्टा आखडून धरणारी दोरी कापतो आणि ते सपाट होतं. जमिनीवरचा आदळ साधारण 12-13 फुटांवरून पडल्याइतका. तो चाकं आणि सीटखालची पोळ्यासारखी चेपणारी जाळी झेलतात. हे सगळं इतकं नेटकं जुळवलंय की बसवताना दरवेळी अभिमान वाटतो. अर्थात सरळ उड्डाणातही 400 फूट उंची खर्ची पडते, म्हणून वेळेवर ओढायला हवं. पॅराशूटमुळे वैमानिक बेफिकीर होतात, असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. सुरुवातीच्या वर्षांत कितीतरी जण हँडल डोक्यावर असताना न ओढताच गेले. 'आधी ओढा' हे प्रशिक्षणात घोटवल्यावर मृत्यू घटले.

काकूंनी हळूच विचारलं, "यांना वर काही झालं तर मला जमेल?" त्यांना उजव्या सीटवर बसवून, पिन लावूनच, दाखवलं: झाकण काढा, दोन्ही हातांनी धरा, सरळ खाली ओढा.

निघताना काकांनी पिन काढून खिशात टाकली. नातवंडं बरोबर असतानाही काढाल ना, हे मी दोनदा विचारलं. त्यांनी इंजिन सुरू केलं.