संध्याकाळ झाली की काटा चढायचा

आमची मारुती ओम्नी व्हॅन 2006 ची आहे. बाबांचा केटरिंगचा धंदा, टोप, शेगड्या, थर्मास सगळं त्यातच जातं, आणि कंपनीने 2019 ला ओम्नी बंद केली तरी आमच्या भांडुपच्या गल्लीत अजून तीन तरी उभ्या दिसतील. दोन वर्षांपूर्वी मुलुंडला होज (इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा रबरी पाइप) फुटला, डॅशबोर्डवरचा टेम्परेचर मीटर आधीच मेलेला त्यामुळे कळलंच नाही, बाबा तशीच घरी घेऊन आले आणि हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड ह्यांच्यामधलं सील, गेलं. हेड उतरवून फेस मारून, म्हणजे घासून सपाट करून, आणावं लागलं. तेव्हाच ठरवलं की बाहेरून वेगळा मीटर लावायचा, कारण ह्या गाडीत इंजिन पुढच्या सीटखालीच असतं आणि बाबा रोज त्याच्यावर बसतात.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून गोल काट्याचा मीटर आणला, एक वायरवाला सेन्सर, आणि वरच्या होजमध्ये कापून बसवायचा अ‍ॅल्युमिनियमचा अडॅप्टर. एका गॅरेजमध्ये बसवून घेतला. पहिल्या दिवशी काटा हललाच नाही. ह्याचं कारण लवकर सापडलं, ज्यांना असा अडॅप्टर लावायचाय त्यांनी हे आधीच बघा. एक वायरवाल्या सेन्सरला अर्थ (करंटचा बॅटरीच्या मायनसकडे परत जायचा रस्ता) त्याच्या बॉडीतून, आट्यांमधून मिळतो. इंजिनात बसवला तर आपोआप मिळतो, पण होजमधला अडॅप्टर दोन्ही बाजूंनी रबरात अडकलेला, त्याला अर्थ मिळणार कुठून? अडॅप्टरपासून इंजिनला एक वायर दिली, आट्यांवर गुंडाळलेला टेफ्लॉनचा जाड थर काढून एकच वेढा ठेवला, काटा चालू.

मग खरी डोकेदुखी सुरू झाली. दिवसा काटा 85-88 डिग्रीवर एकदम शांत, आणि संध्याकाळी सातनंतर 105, कधी 108. मला वाटलं एलबीएस रोडचं ट्रॅफिक, गाडी सरकतच नाही मग तापणारच. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) बदलला. कूलंट काढून नवीन भरला, हवा काढली, फॅन लागतोय का बघितला, लागत होता. बाबा रोज रात्री गाडी लावल्यावर सीटवर हात ठेवून बघायचे, आणि मुलुंडचा प्रसंग आठवला की मलाही झोप लागायची नाही.

सेन्सरवरच संशय आला म्हणून तो काढून जुन्या पातेल्यात उकळला. वायर मीटरला तशीच, बॉडीला क्लिपने अर्थ, आणि फक्त टोक पाण्यात. मुंबई समुद्रसपाटीला आहे त्यामुळे इथे उकळतं पाणी म्हणजे सरळ 100, वेगळा थर्मामीटर लागत नाही (महाबळेश्वरला करायला गेलात तर पाणी 95-96 लाच उकळेल). काटा बरोबर 100 वर. म्हणजे सेन्सर आणि मीटरची जोडी जुळलेली होती, हे बघणं गरजेचं असतं कारण एका कंपनीचा सेन्सर दुसऱ्याच्या मीटरला लावला की काटा हलतो पण आकडा खोटा असतो. सेन्सर तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, मीटर तेवढंच बघतो, त्याला तापमान असं काही कळत नाही. म्हणूनच सेन्सरची वायर काढली तर काटा अगदी खाली जातो आणि तीच वायर क्षणभर अर्थला टेकवली तर अगदी वर. तेही करून बघितलं, ठीक होतं.

सापडलं ते जुलैच्या पावसात, सकाळी दहा वाजता. पवईच्या चढावर एवढा अंधारून आला की मी हेडलाइट लावली आणि काटा 87 वरून 106 ला गेला, एका सेकंदात. एवढं पाणी आणि एवढं लोखंड एका सेकंदात वीस डिग्री तापूच शकत नाही! लाइट बंद, काटा खाली. परत लावली, परत वर. मी गाडी बाजूला घेऊन चार-पाच वेळा हेच करत बसलो, आणि इतकं बरं वाटलं की काय सांगू, इंजिन कधी तापतच नव्हतं, ट्रॅफिक आणि हेडलाइट एकाच वेळेला येत होते एवढंच.

गॅरेजवाल्याने मीटरची काळी वायर डॅशखाली हेडलाइटच्याच अर्थच्या बोल्टला जोडलेली. तो बोल्ट मी आधी तपासलाही होता, मल्टिमीटर जोडणी ठीक असल्याचा बीप वाजवत होता म्हणून सोडून दिला. इथेच माझे दोन रविवार गेले. बीप वाजतो तेव्हा मल्टिमीटर अगदी नगण्य करंट सोडतो, तेवढ्याला गंजका बोल्टही पुरतो. हेडलाइटचे 55 वॉटचे दोन बल्ब म्हणजे 110 वॉट, 12 व्होल्टला साधारण 9 अँपियर. ते त्या गंजातून जायला लागले की खरं कळतं. म्हणून लोड, म्हणजे इथे हेडलाइट, चालू ठेवून व्होल्ट मोजायचे, एक टोक मीटरच्या अर्थला, दुसरं थेट बॅटरीच्या मायनसला. लाइट बंद असताना 0.03. लाइट लावली, 0.74! म्हणजे मीटरची जमीनच, त्याचा अर्थच, पाऊण व्होल्ट वर उचलली जात होती, सेन्सरची मात्र इंजिनवर तिथेच, आणि मीटरला वाटायचं सेन्सरचा रेझिस्टन्स कमी झाला, गाडी तापली.

मीटरची अर्थ वायर तिथून काढली आणि वेगळी एक वायर थेट इंजिनवर नेली, जिथे सेन्सरचा अर्थ आहे त्याच बोल्टला, दोघांची जमीन एकच पाहिजे. हेडलाइटचा बोल्टही खोलला, खाली पत्रा लालभडक गंजलेला, मुंबईच्या खाऱ्या हवेत वीस वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार, पॉलिश पेपरने चकचकीत केला, नवा वॉशर, वरून व्हॅसलीन. हेडलाइटचा उजेडही वाढला, बाबांनी ते आधी ओळखलं.

खात्रीसाठी टेम्परेचर गनने थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर मोजलं. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर गन कमी आकडा दाखवते, म्हणून काळी टेप चिकटवून त्यावर धरली. 86. मीटर 87.

शुक्रवारी बाबांची ठाण्याला ऑर्डर होती, गाडी भरलेली, परत येताना साडेआठचं ट्रॅफिक. मी घरूनच फोन केला, किती दाखवतोय. म्हणाले, "अठ्ठ्याऐंशी, आणि लाइट चालू आहे रे, ठेव आता."