कणकुंबीला बेस अँप नेताय? स्पेअर ट्यूब घरीच वाजवून बघा

परवा रात्री निपाणीहून परत आलो, पाठ अजून धरलीय, तरी आत्ताच लिहितोय कारण पुढच्या आठवड्यात कोणीतरी बेसचं हेड (बेस गिटारच्या अँपचा स्पीकर सोडून उरलेला डबा) टेम्पोत टाकून हाच फेरा मारणार आणि माझ्यासारखाच फसणार.

आमचा कार्यक्रमांचा फेरा होता बेळगाव, खानापूर, जांबोटी, कणकुंबी, मग परत बेळगाव आणि हायवेनं निपाणी. खानापूर आणि निपाणी मस्त झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते कणकुंबीचं.

माझ्या हेडला प्रीअँपमध्ये, म्हणजे गिटारचा बारीक सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागात, तीन १२एएक्स७ जातीच्या काचेच्या ट्यूब आहेत (डब्यावर ईसीसी८३ लिहिलेली असली तरी तीच), पॉवरचा भाग ट्रान्झिस्टरचा. निघायच्या आदल्या दिवशी एका दुकानातून एक स्पेअर घेतली. "जुना स्टॉक हाय ओ, मॅच केलेली हाय, असली आता मिळत नाही," म्हणून नव्या दोन ट्यूब आल्या असत्या एवढे पैसे घेतले. मॅच म्हणजे दोन ट्यूब सारख्या निवडून जोडीनं देणं, एकटी ट्यूब दुसऱ्या कशाशी मॅच करणार? मॅच केलेली म्हणून प्रीअँपच्या ट्यूबला जास्त पैसे अजिबात देऊ नका, बायसिंगची (ट्यूबचा करंट जुळवून घ्यायची) भानगडही हिला नसते, काढायची आणि लावायची.

जांबोटी सोडल्यावरचा रस्ता आम्ही गेलो तेव्हा इतका फुटलेला होता की ड्रायव्हर दुसऱ्या गियरच्या वर गेलाच नाही आणि तरी हेड कॅबिनेटवर (स्पीकरच्या पेटीवर) दणादण आपटत होतं, मी मागं बसून एका हातानं दाबून धरलं होतं.

कणकुंबीला साउंडचेकला खालची ई तार वाजवली की मागून घंटेसारखा टिणटिण आवाज, व्हॉल्यूम वाढवला की शिट्टी. पेन्सिलीनं एकेक ट्यूब हळू टकटकवली, इनपुटजवळच्या पहिलीची टकटक थेट स्पीकरमधून आली. मायक्रोफोनिक झाली होती, म्हणजे आतले भाग सैल होऊन ट्यूब माइकसारखी धक्के पकडत होती. आणि पहिली जागा सगळ्यात नाजूक, कारण तिथली खरखर अँपमधले पुढचे सगळे टप्पे मोठी करत नेतात.

स्पेअर लावली. आवाज आला, खरं त्यात जीवच नाही, गेनचं (सिग्नल वाढवायचं) बटण पूर्ण फिरवलं तरी. काढून टॉर्चसमोर काच तिरकी धरली तेव्हा पुसट छपाई दिसली, १२एयू७! पिना नऊच, सॉकेट तेच, हीटर तोच, म्हणून बसते आणि पेटतेही, पण १२एएक्स७ चा फॅक्टर (सिग्नल वाढवायची ताकद) १०० आणि हिचा जेमतेम २०. शेवटी तिसऱ्या जागेवरची चांगली ट्यूब पहिल्या जागी घेतली, ही दुबळी तिसरीत घातली, मास्टर व्हॉल्यूम चढवला आणि कार्यक्रम काढला. ही अदलाबदल डोक्यात ठेवाच.

तर स्पेअर दोन घ्या, चालू उत्पादनातल्या साध्या, जेजे किंवा सोव्हटेक पुरे. त्यातली एक ५७५१ (याच सॉकेटात बसणारी दुसरी जात) असली तर उत्तम, फॅक्टर ७०, बेसला मला ती जास्त स्वच्छ वाटते. दोन्ही घरी पहिल्या जागी लावून तासभर वाजवा, टकटकवून बघा, मगच चिठ्ठी लावून डब्यात. काचेच्या आतला चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर हवा शिरलीय, ती ट्यूब गेली. अँप बंद करून गार होऊ द्या, सरळ वर ओढा, पिना वाकवू नका. माझ्या हेडला मागची जाळी काढली की ट्यूब हाताशी येतात, ज्यांच्या आत चॅसिसमध्ये (सर्किटच्या बंद पत्र्याच्या पेटीत) आहेत त्यांनी मंडपात उघडू नका, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकं व्होल्टेज राहतं.

आणि ट्यूब टेम्पोत ठेवायच्या नाहीत. मी दुसऱ्या दिवशी बेळगावात दोन नव्या घेऊन घरी वाजवल्या, स्टीलच्या जेवणाच्या डब्यात फोम घालून बसवल्या आणि निपाणीपर्यंत डबा मांडीवर. हायवे सपाट होता, तरी खाली ठेवला नाही.