काळ्या घोड्याचा कान: एका जुन्या संचाची पाच महिन्यांची नोंद

मे महिन्यात पुण्याच्या जुन्या बाजारात हा बुद्धिबळाचा संच मिळाला. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात एकतीस मोहरे. एक पांढरे प्यादे गायब, एका काळ्या घोड्याचा डावा कान तुटलेला, बुडाच्या हिरव्या बनातीला कसर लागलेली. राजाची उंची साडेतीन इंच. विकणारा छातीठोकपणे ‘जेक्सचा आहे’ म्हणत होता.

घाट स्टाँटनचाच आहे. हा घाट नॅथानिएल कुक यांच्या नावाने मार्च १८४९ मध्ये नोंदवला गेला, त्याच वर्षी लंडनच्या जेक्स कंपनीने तो बाजारात आणला आणि त्या काळचे गाजलेले खेळाडू हॉवर्ड स्टाँटन यांनी त्याला आपले नाव दिले. पण जेक्सच्या राजाच्या बुडाशी कंपनीचा ठसा असतो. शिवाय राजाच्या बाजूच्या घोड्यावर आणि हत्तीवर छोटा मुकुट उठवलेला असतो, कारण जुन्या नोंदपद्धतीत ‘राजाचा घोडा’ आणि ‘वजिराचा घोडा’ वेगळे मोजत. माझ्या संचावर यातले काहीच नाही. कारागीर अज्ञात, असेच वहीत लिहिले आहे. संच मात्र फार देखणा आहे. घोड्याच्या मानेवरचा एकेक केस हाताने कोरलेला आहे.

तुटलेला कान भिंगाखाली धरला आणि सगळा बेत बदलला. आत लाकूड पिवळट! आबनूस तुटला तर आतही काळाच दिसतो. म्हणजे हे काळे मोहरे बॉक्सवूड या पिवळट लाकडाचेच, वरून काळे केलेले. हा रंग लाकडात जेमतेम कागदाच्या जाडीइतका मुरलेला असतो. काचकागद तिथल्या तिथे खाली ठेवला. तेव्हापासून या संचातल्या एकाही जुन्या मोहऱ्याला मी कागद लावलेला नाही आणि लावणारही नाही. सफाई फक्त कापसाच्या बोळ्याने, किंचित थुंकी लावून. ऐकायला विचित्र वाटेल, पण थुंकीतल्या विकरांमुळे चिकट मळ सुटतो आणि संग्रहालयांतही ही रीत चालते. पांढऱ्या वजिराच्या मानेवर बोटांनी धरून धरून मधासारखा रंग आला आहे. तो मळ नाही, त्याला हात लावायचा नाही.

जून सगळा कानात गेला. मूळ तुटलेली जागा तासून सपाट करणे सोपे होते, पण मग जुने लाकूड गेले असते. म्हणून नवा तुकडाच त्या खडबडीत जागेला जुळवायचा ठरवले. तुटलेल्या जागेवर खडूची पूड लावायची, तुकडा टेकवायचा, जिथे पांढरे उमटेल तिथली कणभर कपची काढायची, पुन्हा टेकवायचा. पाच मिलिमीटरच्या तुकड्याला तीन संध्याकाळी लागल्या. चिकटवायला सरस वापरला, कारण उद्या कुणाला माझे काम काढून टाकावेसे वाटले तर कोमट पाण्याने तो सुटेल.

काळ्या रंगासाठी डबाबंद रंग नको होता, तो लाकडावर थर होऊन बसतो. हिरडा आणला. हिरड्यात टॅनिन भरपूर, लोखंडाशी त्याची गाठ पडली की लाकडाच्या धाग्यातच काळा रंग तयार होतो. आपल्याकडे काळी शाई याच मेळाने करत. हिरड्याचा काढा दोनदा लावून वाळवला, मग गंजके खिळे आठवडाभर बुडवून ठेवलेल्या व्हिनेगरचा एक हात. कान डोळ्यांदेखत करडा झाला, मग निळसर, आणि सकाळपर्यंत शेजारच्या कानाइतका काळा. त्या सकाळी मी घरातल्या प्रत्येकाला तो घोडा नेऊन दाखवला.

इथे एक सावधगिरी. व्हिनेगरची बरणी मोहऱ्यांपासून लांब ठेवा. बुडात वजनासाठी शिसे असते आणि व्हिनेगरच्या वाफेने शिशावर पांढरी पूड धरते. पूर्वी सफेदा हा पांढरा रंग याच तत्त्वावर बनवत. माझ्या तीन प्याद्यांत अशी पूड आधीच होती, ती फुगून एकाचे बूड तडकले होते. पूड विषारी आहे. हातमोजे, मास्क, ओले फडके. कोरडे खरवडायचे नाही, आणि स्वयंपाकघरात तर हे काम नकोच.

हरवलेल्या प्याद्यासाठी बॉक्सवूड मिळेना. हेद या झाडाच्या लाकडाचा तुकडा मिळाला, पिवळसर आणि बारीक पोताचा. लेथवर लाकूड कातणाऱ्या कातारीकाकांकडे नमुन्याला उरलेली सातही प्यादी नेली. त्यांनी कॅलिपर लावला आणि थांबले. ‘ही गोल नाहीत,’ म्हणाले. खरेच, बुडाचा व्यास एका दिशेने मोजला तर एक, काटकोनात मोजला तर जवळजवळ अर्धा मिलिमीटर कमी. लाकूड वर्षवलयांच्या दिशेने जास्त आकसते, गाभ्याकडून सालीकडे कमी, म्हणून लेथवर गोल उतरलेले मोहरे वर्षानुवर्षांत लंबगोल होतात. माझ्या संचाच्या वयाचा हा पहिला भरवशाचा पुरावा, आणि तो मला कातारीकाकांनी दिला. ‘तासून लंबगोल करून देऊ का?’ त्यांनी विचारले. नको म्हणालो. नवे प्यादे गोलच राहू दे. त्याच्या बुडावर बनातीखाली पेन्सिलीने ‘नवे’ आणि महिना लिहिला आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये चपडी लाखेचा हात मारून पाहिला, पण दमट हवेत दुधाळ झाक आली. स्पिरिटने पुसून सगळे थांबवले. आता ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात लाख काचेसारखी बसते आहे. ती फक्त नव्या प्याद्यावर आणि कानावर. बाकी मोहऱ्यांना मधमाशीचे मेण, तेही अगदी पुसट.

बत्तीस मोहरे काल प्रथमच पटावर एकत्र उभे राहिले. नवे प्यादे राजाच्या हत्तीपुढे ठेवले आहे. अजून जरा जास्तच पिवळे दिसते. बनात कापायची राहिली आहे, आणि तडकलेल्या प्याद्याचे बूड सरसात बांधून ठेवले आहे. दोरा रविवारी सोडायचा.