ब्रेशियाने वाचवलेला ऑपेरा आणि एक नाव

गेल्या रविवारी इथे, इटलीतल्या ब्रेशिया शहरात, शेजारच्या आजींची देखभाल करणाऱ्या युक्रेनियन मावशींबरोबर तेआत्रो ग्रांदे नाट्यगृहासमोरून जाताना, इटालियन संगीतकार पुच्चिनीचा ‘मादामा बटरफ्लाय’ हा ऑपेरा आमच्या ब्रेशियानेच वाचवला, असे मी अभिमानाने म्हणाले. मावशी जागीच थांबल्या. "ब्रेशियाने नव्हे, आमच्या सोलोमियाने," त्या म्हणाल्या.

त्यांचे म्हणणे खरे होते. फेब्रुवारी 1904 मध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात प्रेक्षकांनी हुल्लड करून हा ऑपेरा पाडला. पुच्चिनीने तो मागे घेतला, दोन अंकांचे तीन केले आणि 28 मे रोजी ब्रेशियात पुन्हा रंगमंचावर आणला, तेव्हा नायिकेची भूमिका आजच्या युक्रेनमधील तेर्नोपिल भागातल्या एका धर्मगुरूच्या मुलीने, म्हणजे याच सोलोमियाने, गायली आणि प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. त्याच भागातल्या ल्विव्ह शहरात शिकून 1893 मध्ये तिथेच प्रथम रंगमंचावर उभी राहिलेली ही गायिका पुढे 1906 मध्ये तोस्कानिनीच्या संचालनाखाली ला स्कालात ‘सालोमे’ हा ऑपेरा गायली.

मला खटकते ते तिचे नाव. इथे तिला ‘सालोमेआ क्रुशेनिस्की’ म्हणतात. जिभेला जड जाणारी अक्षरे सरळ गाळून टाकली आहेत. माझ्या आडनावाचीही इथे सात वर्षे हीच गत आहे आणि मी दुरुस्त करणे केव्हाच सोडून दिले आहे. तिने मात्र मैफलींत युक्रेनियन लोकगीते गाणे सोडले नाही. आपल्याकडे परक्यांची नावे निदान नीट विचारून घेतात, असे मला वाटते.

1910 मध्ये इटालियन वकिलाशी लग्न करून ती इटलीतल्याच व्हियारेज्जो गावात स्थिरावली होती. पतीच्या निधनानंतर, ऑगस्ट 1939 मध्ये, ती ल्विव्हला गेली आणि युद्ध सुरू झाले. सोव्हिएत सत्तेने तिचे घर ताब्यात घेऊन तिला एका सदनिकेपुरती जागा ठेवली. तिथेच गाणे शिकवत राहून 1952 मध्ये ती वारली. "परत कधी येणार?" असे आई दर आठवड्याला फोनवर विचारते. या वेळी मी तिला ही हकीकत सविस्तर सांगितली. "ती तरी गेली ना," एवढेच आई म्हणाली. काळ निराळा होता, माझी मुले इथल्या शाळेत आहेत, हे मी तिला पुन्हा समजावून सांगितले.

ल्विव्हच्या ऑपेरागृहाला आज तिचे नाव आहे. मावशींनी ते किराणा दुकानाच्या पावतीमागे त्यांच्या लिपीत लिहून दिले. त्याखाली मी देवनागरीत लिहिले, सोलोमिया क्रुशेल्नित्स्का, आणि मोठ्याने वाचून दाखवले. एकही अक्षर गळले नव्हते. मावशींनी मला ते पुन्हा वाचायला लावले.